साडेआठ हजारांत जग मुठीत

"बजेटमधला चांगला फोन सुचव ना" असा मेसेज मला अधूनमधून येतोच. घरातल्या कुणी एकदा कुणाच्या फोनचं व्हॉट्सॲप चालू करून दिलं, की तो जन्मभराचा कस्टमर केअर होतो, तसा मी झालोय. आतापर्यंत मी मन लावून उत्तरं द्यायचो. प्रोसेसर बघा, रॅम (म्हणजे फोनची चालू कामापुरती मेमरी) बघा, अपडेट किती वर्षं मिळतील ते बघा. यंदाच्या खरिपात लातूरकडच्या औसा तालुक्यातल्या आमच्या रानात एक दुपार घालवली आणि तेव्हापासून उत्तर एकच ठेवलंय. कुठलाही घ्या. रंग तेवढा आवडीचा निवडा. आतला माल सारखाच.

तरी नवखे असाल तर चार गोष्टी सांगून ठेवतो.

डब्यावर छापलेल्या अक्षरांवर श्रद्धा ठेवा. '८ जीबी रॅम' असं ठळक लिहिलेलं असतं आणि डोक्यावर एक छोटी चांदणी असते. त्या चांदणीच्या मागे लागू नका. लागलातच तर डब्याच्या बुडाशी, भिंग घेऊन वाचावं अशा टायपात, कळेल की ४ जीबी खरी आणि ४ जीबी 'व्हर्च्युअल'. म्हणजे स्टोरेजमधलाच एक कोपरा रॅम म्हणून कामाला लावायचा. या किमतीत स्टोरेज बहुधा ईएमएमसी जातीचं असतं. ते मुळातच सावकाश, आणि भरत आलं की आणखी सावकाश. आडात नाही ते पोहऱ्यात काढून दाखवायची ही कला आहे, दाद द्या. ६४ जीबीचीही तीच कथा. तुम्ही फोन चालू करायच्या आधीच त्यातले पंधरा-वीस जीबी सिस्टीमने आणि कंपनीच्या लाडक्या ॲपांनी धरलेले असतात. उरलेली जागा व्हॉट्सॲपवरच्या गुलाबाच्या फुलांची. तुमच्या वाट्याला काही येत नाही, पण तुम्हाला ठेवायचंय तरी काय?

कॅमेरे मोजून घ्या. पाठीवर तीन गोल दिसायलाच हवेत, दोन असतील तर नातेवाइकांत मान राहत नाही. पहिला गोल खरा, ५० मेगापिक्सेलचा. तो चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, पण ते कुणाला सांगायचं नाही. दुसरा २ मेगापिक्सेलचा, किंवा नशीब जोरावर असेल तर ०.०८ मेगापिक्सेलची 'सहायक लेन्स'. छपाईची चूक नाही, अशा लेन्स खरंच बसवल्यात. ती कुणाला सहाय्य करते ते आजवर उघड झालेलं नाही. तिसऱ्या गोलात फ्लॅश असतो.

फोन १८ वॅट झेपवतो आणि डब्यात १० वॅटचा चार्जर निघतो, म्हणजे कंपनीला तुमच्या पुऱ्या झोपेची काळजी आहे.

जाहिराती मुळीच बंद करू नका. लॉकस्क्रीनवर रोज नवं चित्र येतं, त्याखाली बातमी, त्याखाली कर्ज. कॅल्क्युलेटर उघडला तरी कर्ज. फाइल शोधायला गेलं तरी कर्ज, आणि कचरा काढणाऱ्या ॲपमध्ये दुसऱ्या कचरा काढणाऱ्या ॲपची जाहिरात. बंद करायची सोय आहे, नाही असं नाही. सेटिंग्ज, मग आणखी सेटिंग्ज, मग नावावरून काहीच बोध होणार नाही असं एक बटण. ते दाबलं की काही फोन चक्क दहा सेकंद उलटे मोजून दाखवतात, मन बदलावं म्हणून. एवढी गळ तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाराही घालत नाही. पुढचं अपडेट आलं की सगळं परत होतं तसं.

आधीपासून घातलेली ॲपं काढायच्या भानगडीत पडू नका. ती निघत नाहीत.

आता मुख्य सूचना. सरकारी काम असेल तर हाच फोन वापरा. उदाहरणार्थ ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपलं पीक आपणच फोनवर नोंदवायचं आहे. कल्पना चांगली आहे, मी अजूनही तसंच म्हणतो. पूर्वी चावडीत बसूनच पिकं लिहिली जायची, उसाच्या रानात ज्वारी लागायची. आता शेतकरी स्वतः रानात उभा राहतो, गट नंबर निवडतो, पीक भरतो, फोटो काढतो, आणि सातबाऱ्यावर नोंद होते. फक्त त्यासाठी एक फोन लागतो. रान कसणाऱ्या आमच्या अण्णांकडे तो आहे. तीन वर्षांपूर्वीचा, साडेआठ हजारांचा, तीन गोलांचा.

तलाठ्यांचा ग्रुपवर मेसेज आला, नवीन व्हर्जन टाकून घ्या. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात अजून तरी कुणाच्या तोंडी बसलेलं नाही.) टाकायला गेलो तर 'जागा अपुरी'. काय काढू विचारलं तर अण्णा म्हणाले, "काय बी काढ, पर नातीचा नाचायचा व्हिडिओ राहू दे." व्हिडिओ ठेवला. कंपनीचे सहा गेम होते, एकही अण्णांनी कधी खेळलेला नाही, ते निघेनात. शेवटी गावच्या ग्रुपातले शुभ सकाळ, शुभ रात्री, पुण्यतिथी आणि वाढदिवसाचे बॅनर असं सगळं उपसलं तेव्हा ॲप बसलं. ते घरी, चहाच्या वेळी. मग रानात गेलो.

वर ऊन, खाली काळा चिखल, सोयाबीन गुडघ्याएवढं. स्क्रीनवर काहीच दिसेना. असल्या स्वस्त स्क्रीनला उन्हात उजेडच नसतो. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून फोनवर सावली धरली. गट निवडायला त्यांचं बोट लावलं तर फोन ते बोट मानायलाच तयार नाही. पन्नास वर्षं खुरपं धरून घट्टे पडलेलं बोट आहे ते. दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. तिसऱ्यांदा दाबलं आणि मग तिन्ही वेळची दाबणी एकदम लागू झाली, भलतंच पीक निवडलं गेलं. सोयाबीनच्या रानात आम्ही क्षणभर केळी लावली. मागे आलो, परत भरलं. फोटोचं बटण दाबलं. कॅमेरा उघडायला रॅम लागते, ती ४ जीबी, त्यातली बरीचशी लॉकस्क्रीनवाल्या मंडळींनी धरलेली. मग फोन काय करतो? मागचं ॲप मारून टाकतो. फोटो निघाला आणि ज्या ॲपला तो द्यायचा तेच बंद. पुन्हा पहिल्यापासून. खातेदार, गट, हंगाम, पीक, क्षेत्र. आता लोकेशन. नकाशावरचा ठिपका आमच्या गटातून निघून शेजाऱ्याच्या उसात जाऊन बसला. ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून लांब आहात. अण्णा म्हणाले, "ह्येला सांग, माझा जन्म ह्याच गटात गेलाय."

ठिपका परत यावा म्हणून थांबलो तर स्क्रीन झोपली. उठवली. लॉकस्क्रीनवर मालदीव. निळं पाणी, पांढरी वाळू, खाली मजकूर, आजच बुक करा, सोपे हप्ते.

इथं मी काय बोललो ते लिहीत नाही. अण्णाही बघतच राहिले.

नोंद शेवटी माझ्या फोनवरून झाली. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते, ही सोय ज्याने कुणी ठेवली त्याला माझा दंडवत. पण ती बातमी बांधावरून बांधावर गेली आणि गल्लीतले चौघे आपापले सातबारे घेऊन उभे राहिले. चौघांकडेही फोन होते. चौघांचेही बजेटमधले. प्रत्येकाची कहाणी तीच, फक्त कुणाच्या लॉकस्क्रीनवर मालदीवऐवजी सोन्यावर कर्ज.

म्हणजे बघा, पीक पाहणी फोनवर. पेन्शनरांचा हयातीचा दाखला २०२१ पासून चेहरा दाखवून फोनवर, आणि समोरचा कॅमेरा इतका धुरकट की जिवंत माणूस जिवंत आहे हे त्याला पटत नाही. केवायसी फोनवर, पोराचा अभ्यास फोनवर, गॅसचा नंबर फोनवर, भाजीचे वीस रुपये फोनवर. ओटीपी येतो तेव्हा फोन विचारात पडलेला असतो. विचारातून बाहेर येतो तोवर ओटीपीची मुदत संपलेली. आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस म्हणतो, "काका, चांगला फोन घ्या की." घेतो ना. तू दे पैसे.

हो, सूचना राहिल्याच.

स्क्रीन फुटू देऊ नका. फुटली तर तालुक्याच्या दुकानात जा. ओरिजिनल फोल्डर (म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीन) नाही, कॉपी आहे, ती उन्हात आणखी काळी दिसेल, पण किंमत निम्मीच. कंपनीच्या अधिकृत सेंटरला जायची हौस असेल तर जिल्ह्याला जा, टोकन घ्या, एसीत बसा. तिथला पोरगा अदबीनं सांगेल, "सर, हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन बघता का?" एक्स्चेंजला जुन्याचे देतात सहाशे रुपये.

आणि अपडेटची वाट बघू नका. दीड-दोन वर्षं येतात, मग येत नाहीत. मग एक दिवस बँकेचं ॲप सांगतं की तुमचं अँड्रॉइड जुनं झालंय. फोन चालतोय, बॅटरी चालतेय, काच धड आहे, तरीही फोन मेला.

आता पुरे झाली थट्टा.

हे सगळं चुकून होत नाही. साडेआठ हजारांत फोन देता येतो कारण उरलेले पैसे तुमच्या डोळ्यांतून वसूल करायचे ठरलेलं आहे. ते उघडपणे सांगा ना मग. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर निव्वळ वजन छापावं लागतं, कायद्यानं. फोनच्या डब्यावर ६४ छापायचं आणि हातात चव्वेचाळीस द्यायचे, याला काही म्हणायचं की नाही? छापा डब्यावर: एवढी जागा मोकळी मिळेल, लॉकस्क्रीनवर जाहिराती येतील, या तारखेनंतर सुरक्षा अपडेट मिळणार नाही. तीन ओळी. चांदणीशिवाय.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू आहे. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट, आणि सुटे भाग सात वर्षं. आपल्याकडे २०२२च्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं, पोर्टल निघालं. पोर्टल निघालं, बस. सक्ती कुठे आहे? फोनवर १८ टक्के जीएसटी मात्र चोख. २०२० च्या एप्रिलपर्यंत तो १२ होता. ज्या वस्तूशिवाय सातबाऱ्यावर पीक चढत नाही, तिच्यावर १८ टक्के, आणि ती वस्तू नीट चालावी याची जबाबदारी कुणाचीच नाही. ॲप बनवणाऱ्या साहेबांनो, तुमचा तो चकचकीत फोन चार दिवस बाजूला ठेवा, हा तीन गोलांचा घ्या, आणि भर दुपारी चिखलात उभे राहून एक गट नोंदवून दाखवा. बोटांना माती लावून. मग सांगा ॲप किती सोपं आहे ते.

आणि पोरांनो, तुम्हीही जास्त हसू नका. स्वतःला हप्त्यावर चाळीस हजारांचा घेता आणि आईबापांना 'त्यांना काय, फोन करायला आणि व्हॉट्सॲपला' म्हणून सेलमधला. त्यांनाच तर हयातीचा दाखला काढायचाय, त्यांनाच केवायसी करायचीय, त्यांनाच पिकाचा फोटो काढायचाय. तुम्ही काय करता फोनवर, रील्सच बघता ना? वर डबा उघडल्या उघडल्या लिहून मोकळे: 'डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग छान, व्हॅल्यू फॉर मनी, पाच स्टार.' अरे, फोन अजून चालू नाही केला तू! दोन वर्षांनी त्याच रिव्ह्यूखाली येऊन लिही काय झालं ते. तुझे पाच स्टार बघूनच अण्णांचा फोन घेतला गेला होता.