‘त्रास आहे तर सोडून जावं ना’ : फिलिपिनो मेड्सबद्दलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

सिंगापूर, दुबई, हाँगकाँगच्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज परत परत फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की फिलिपिनो मेड्सवर परदेशात अन्याय होतो ही नुसती मीडियाची ओरड आहे, त्यांना भरपूर पगार मिळतो, स्वतःच्या मर्जीने कॉन्ट्रॅक्टवर सही करून येतात, कायदे कडक आहेत, त्यांचं सरकार पाठीशी असतं, आणि एवढं असून त्रास असलाच तर सोडून जावं, कोणी बांधून ठेवलंय का. शिकलेली, चांगली माणसं हे पुढे पाठवतायत आणि त्यातल्या कित्येकांच्या घरी अशी बाई कामाला आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पगाराचं आधी बघू. हाँगकाँगमध्ये घरकामगारांसाठी वेगळा किमान पगार ठरलेला आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये तो महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर झाला, म्हणजे तेव्हाचे साधारण ५३-५४ हजार रुपये. रुपयांत मोठा वाटतो, मान्य. पण त्याच शहरात बाकी जवळपास सगळ्यांसाठी तासाला किमान ४० डॉलरचा कायदा तेव्हा होता आणि मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगारांना त्या कायद्यातून सुरुवातीपासून, म्हणजे २०११ पासून, बाहेर ठेवलंय. महिन्याला २६ दिवस, रोज १२ तास धरा (खूप घरांत यापेक्षा जास्तच होतात), तर तासाला १६ डॉलर पडतात. राहायला-खायला मिळतं हे खरंय, पण ४० आणि १६ मधला फरक त्याने भरून निघत नाही. गल्फमध्ये तर अजून कमी. फिलिपिन्स सरकारने २००६ साली ठरवलं की आपल्या घरकामगार बाईला महिना किमान ४०० अमेरिकन डॉलर मिळालेच पाहिजेत, आणि पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा राहिला. कुवेतने २०१५ च्या कायद्याखाली २०१६ मध्ये स्वतः ठरवलेला किमान पगार ६० दिनार, म्हणजे ४०० डॉलरच्या अर्ध्याच्या आसपास.

आता मर्जीने येतात हा मुद्दा. हो, येतात. मर्जीने येणं वेगळं आणि जे सांगितलं तेच मिळणं वेगळं. मनिलात, म्हणजे फिलिपिन्सच्या राजधानीत, एका कॉन्ट्रॅक्टवर सही होते आणि तिकडे पोचल्यावर दुसरा कागद पुढे येतो, पगार कमी, काम जास्त, कधी एका घराऐवजी नातेवाइकांची पण घरं, आणि तेव्हा ती विमानतळावरून परत फिरू शकत नाही कारण डोक्यावर कर्ज असतं. फिलिपिन्सच्या नियमाप्रमाणे घरकामगार बाईकडून प्लेसमेंट फी, म्हणजे नोकरी लावून द्यायचे पैसे, घ्यायलाच बंदी आहे, म्हणून एजंट तेच पैसे ट्रेनिंगच्या, मेडिकलच्या नावाने घेतात, किंवा फायनान्स कंपनीचं लोन काढायला लावतात आणि पहिले काही महिने पगार हप्त्यांत जातो. दुबईचा एक प्रकार तर आपल्याकडच्या लोकांनाही माहितीये, व्हिजिट व्हिसावर आणायचं आणि मग नोकरी शोधून द्यायची. त्यात फिलिपिन्सच्या ऑफिसने तपासलेलं कॉन्ट्रॅक्टच नसतं, म्हणजे पुढे काही झालं तर तिच्या हातात कागद नाही.

कायदे कडक आहेत, हे मेसेजमधलं सगळ्यात अर्धवट वाक्य. कायदे आहेत, आणि ते बायकांनी आणि संघटनांनी भांडून मिळवलेत म्हणून मी त्यांना कमी लेखणार नाही. हाँगकाँगमध्ये दर सात दिवसांत पूर्ण २४ तासांची सुट्टी, एजन्सीने पहिल्या पगाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. यूएईच्या २०२२ च्या कायद्यात रोज १२ तास विश्रांती, त्यातले ८ सलग, आणि पासपोर्ट तिच्याजवळच राहील. सिंगापूरने २०२३ पासून महिन्याची निदान एक सुट्टी अशी केली की मालकाला तिच्याबदल्यात पैसे देऊन ती काढून घेता येत नाही. पण त्याच सिंगापूरचा मुख्य एम्प्लॉयमेंट ॲक्ट घरकामगारांना लागू नाही, त्यामुळे कामाच्या तासांना मर्यादा नाही, आणि दर सहा महिन्यांनी मेडिकल होते त्यात प्रेग्नन्सी टेस्ट असते, पॉझिटिव्ह आली तर सहसा परतीचं तिकीट. आणि कायदा कुठलाही असो, बंद दाराआड रात्री अकराला ती भांडी घासतेय की झोपलीय हे बघायला लेबर इन्स्पेक्टर येत नाही. कारखान्यात निदान शेजारच्या मशीनवर कोणीतरी साक्षीदार असतो, इथे साक्षीदार म्हणजे मालकाचंच कुटुंब.

आणि आता ते ‘सोडून जावं ना’. हे वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो कारण लिहिणाऱ्याने व्हिसाचे नियम एकदाही वाचलेले नाहीत. हाँगकाँगमध्ये १९८७ पासून दोन आठवड्यांचा नियम आहे, कॉन्ट्रॅक्ट तुटलं की १४ दिवसांत किंवा व्हिसाची मुदत संपेल तेव्हा, जे आधी असेल तेव्हा, हाँगकाँग सोडायचं. मालक बदलून तिथेच थांबायची परवानगी काही ठरावीक कारणांसाठीच, मालक मेला, परदेशी गेला, पैशाने बुडाला, किंवा छळाचा पुरावा आहे. पुरावा! फोन रात्री काढून घेतात अशा घरातून. त्यात २००३ पासून मालकाच्या घरीच राहायची सक्ती, म्हणजे नोकरी गेली त्या रात्री छप्पर पण गेलं. या सक्तीविरुद्ध एक फिलिपिनो बाई कोर्टात गेली होती, २०१८ मध्ये हरली आणि २०२० मध्ये अपिलातही हरली. त्या १४ दिवसांत नवीन मालक शोधा, लेबर ऑफिसला तक्रार करा, कर्जाचे हप्ते भरा, आणि केस चालू असेल तोवर थांबायचं तर व्हिसा वाढवून घ्यायची फी भरा, काम मात्र करता येत नाही. बेथ्यून हाऊससारखी शेल्टर्स १९८६ पासून अशाच बायकांसाठी चालू आहेत.

गल्फमध्ये याहून वाईट, तिथे कफाला नावाची पद्धत. म्हणजे व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला, बाई घरातून निघाली की मालक ‘पळून गेली’ म्हणून नोंद करतो आणि मार खाऊन बाहेर पडलेली बाईच बेकायदेशीर ठरते, पोलिसांनी पकडलं तर आधी तिची कोठडी मग डिपोर्टेशन. सौदीने मार्च २०२१ मध्ये मालक बदलायचे नियम सैल केले त्याचा खूप गाजावाजा झाला, त्यातून घरकामगार वगळले होते. म्हणजे बांधून ठेवलंय का या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, कागदाने बांधून ठेवलंय. तिची नोकरी, तिचं राहणं आणि तिचा देशात असण्याचा हक्क तिन्ही एकाच माणसाच्या हातात आहेत, तो माणूस चांगला निघाला तर सगळं ठीक, आणि बरेच जण चांगले असतात, पण तिचे हक्क त्याच्या चांगुलपणावर अवलंबून असतील तर त्यांना हक्क कसं म्हणायचं?

राहिलं सरकार. इतर देशांच्या मानाने फिलिपिन्सचं सरकार जास्त करतं हे खरं, पण ते कशामुळे हे मेसेजवाल्यांनी बघावं. फ्लोर कॉन्टेम्प्लासियोन या घरकामगार बाईला दोन खुनांच्या आरोपाखाली सिंगापूरने १७ मार्च १९९५ ला फाशी दिली, फिलिपिन्समध्ये लोक रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये परदेशात काम करणाऱ्या फिलिपिनो कामगारांसाठीचा कायदा झाला. त्या कायद्यातली एक गोष्ट खरंच दमदार आहे, बुडवलेल्या पगारासाठी परदेशातल्या मालकाइतकीच मनिलातली एजन्सीसुद्धा जबाबदार धरली जाते, म्हणजे ती घरी परतल्यावरही दावा लावू शकते. आपल्या कामगारांना असं काही मिळालं तर मला आनंदच होईल, घरकामगारांचा २०११ चा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) करार फिलिपिन्सने २०१२ मध्येच मान्य केला, भारताने अजून केलेला नाही.

पण याच देशाला परदेशातून येणाऱ्या पैशाची गरज पण आहे, २०२३ मध्ये साडेतेहतीस अब्ज डॉलर आले, त्यामुळे वाटाघाटीत हात बांधलेले. २०१८ मध्ये कुवेतच्या एका रिकाम्या फ्लॅटच्या फ्रीझरमध्ये एका फिलिपिनो बाईचा मृतदेह सापडला, वर्षाहून जास्त काळ तो तिथे होता असं निघालं. मनिलाने कामगार पाठवणं बंद केलं, मे महिन्यात करार झाला, पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही, फोन वापरू द्यायचा, आणि बंदी उठली. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक खून. जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक, वाळवंटात जळालेला मृतदेह, मालकाच्या सतरा वर्षांच्या मुलाला शिक्षा झाली. त्यावेळी कुवेतमधल्या फिलिपिन्सच्या शेल्टरमध्ये मालकाकडून पळून आलेल्या शेकडो बायका होत्या. मनिलाने नवीन बायका पाठवणं थांबवलं तर कुवेतने मे २०२३ मध्ये फिलिपिनोंना नवे व्हिसाच बंद केले, ते सुरू व्हायला वर्ष गेलं. पाठीशी सरकार असूनही एवढंच जमतं.

ज्यांच्या घरी अशी ताई कामाला आहे त्यांना एक विनंती. तिचा पासपोर्ट तुमच्या कपाटात असेल तर आजच तिला द्या, ‘सेफ राहावा म्हणून ठेवलाय’ हे कारण सिंगापूरच्या कायद्यातही चालत नाही. पगार तिच्या स्वतःच्या बँक खात्यात टाका, कॉन्ट्रॅक्टची एक कॉपी तिच्याजवळ आहे का विचारा, फोन रात्री काढून घेऊ नका, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी आमचा नाश्ता बनवून मग जा असं सांगू नका.