सात, उणे दोन

माझा पिन मला कधीच माहीत नव्हता. तो माझ्या उजव्या अंगठ्याला माहीत होता. मधल्या रांगेतून सुरुवात, एक पाऊल आडवं, एक तिरपं, आणि शेवटी बुद्धिबळातल्या घोड्यासारखी अडीच घरांची उडी, की बँकेचं ॲप उघडायचं. सहा वर्षं असं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी ॲप म्हणालं, मी आता अधिक सुरक्षित झालोय. म्हणजे काय, तर आकडे दर वेळी नव्या जागी बसणार. संगीत खुर्ची. मागून कोणी अंगठ्याची हालचाल पाहिली तरी त्याला पिन कळू नये म्हणून ही सोय. त्याचं जाऊ दे, मलाच कळेना.

पहिला प्रयत्न अंगठ्याने सवयीने करून टाकला. चूक. 'दोन संधी शिल्लक.'

समोर टेबलावर कॅल्क्युलेटर होता. म्हटलं, यावरची बटणं तरी जागची हलत नाहीत. डोळे मिटले, अंगठ्याला मोकळं सोडलं. त्याने बिनचूक तेच वळण घेतलं आणि चार आकडे उमटले. मी आनंदाने ते ॲपमध्ये भरले. चूक. कॅल्क्युलेटरवर सर्वात वरच्या रांगेत सात-आठ-नऊ असतात आणि फोनवर एक-दोन-तीन, हे मला त्या दिवशी कळलं. रोज दोन्ही वापरते मी! बेल या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९६० च्या सुमारास बटणांच्या कितीतरी मांडण्या माणसांकडून दाबून घेतल्या आणि फोनसाठी ही निवडली. कॅल्क्युलेटरवाले मात्र आपल्या जुन्या वळणावरच राहिले. दोघांमध्ये छत्तीसचा आकडा आहे आणि मधल्या मध्ये माझा अंगठा सापडला.

तिसरा प्रयत्न मी डोक्याने केला. पहिला आकडा सम असावा, अशी माझी भावना होती. पिनच्या बाबतीत भावनेला विचारत नाहीत. खातं कुलूपबंद.

"फोनवर नंबर फिरवायची पाटी उघडून त्यावर का नाही अंगठा फिरवलास?" नवऱ्याने विचारलं. हा प्रश्न त्याने तिसऱ्या प्रयत्नानंतर विचारला, हे मी विसरणार नाही. माझ्या डोक्यात आकडे राहत नसले तरी असल्या गोष्टी राहतात.

तसं पाहिलं तर पिन चार आकडीच आहे, हे आपलं नशीब. पैसे देणारं पहिलं यंत्र १९६७ साली लंडनच्या एनफील्डमध्ये बसलं. ते तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन सहा आकड्यांचा विचार करत होते. त्यांनीच सांगितलेला किस्सा असा, की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोला विचारलं, तर कॅरोलाइनबाई म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतील. विषय संपला. त्या बाईंचे माझ्यावर केवढे उपकार आहेत! फक्त त्यांनी तेव्हा आणखी थोडं खरं बोलून 'दोनच' म्हणायला हवं होतं.

मदतवाहिनीला फोन लावला. यंत्रातल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, कार्डावरचा सोळा आकडी क्रमांक दाबा. चष्मा हाताशी नव्हता, म्हणून कार्ड नवऱ्याच्या हाती दिलं. तो वाचणार, मी दाबणार. हा निर्णय अंगाशी आला, कारण नवरा आकडे जोडीने वाचतो आणि मराठीत वाचतो.

"पंचेचाळीस," तो म्हणाला. आता पंचेचाळीसमध्ये आधी ऐकू येतो पाच. मी लगेच पाच दाबला. मग आला चाळीस. तोवर गाडी पुढे गेली होती. चोपन्न. (जर्मन लोकही एकक आधी आणि दशक नंतर म्हणतात, असं ऐकल्यावर मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली.) बाई म्हणाल्या, "आपण दाबलेला क्रमांक चुकीचा आहे." पुन्हा सुरुवात. या वेळी पंचेचाळीस जमलं आणि "एकोणसत्तर"ला घात झाला. एकोणसत्तर ऐकलं की माझं मन थेट सत्तरच्या घरात जाऊन बसतं. एक कमी करायला त्याला परत पाठवावं लागतं. ते परत येईपर्यंत बोटाने एकोणऐंशी दाबलेलं असतं. मुळात हा आकडा साठीतला, राहतो साठीत, पण ओळख सांगतो सत्तरची. आणि नियमच करायचा तर शेवटपर्यंत पाळा की! एकोणनव्वदपर्यंत आलात, मग नव्व्याण्णव कुठून काढलंत?

"तुमचा क्रमांक चुकीचा आहे," बाई पुन्हा म्हणाल्या. क्षणार्धात. मला शंका आली, कोणाला न विचारता हिला कळतं कसं?

तर त्यामागे हान्स पीटर लून नावाचा आयबीएममधला माणूस आहे. उजवीकडून दुसऱ्या आकड्यापासून सुरुवात करून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट नऊच्या वर गेली तर नऊ वजा करायचे, मग सगळ्यांची बेरीज. ती दहाने पूर्ण भागली नाही, तर क्रमांक खोटा. कार्डावरचा शेवटचा आकडा ही बेरीज जुळवण्यासाठीच बसवलेला असतो. एक आकडा चुकला तर हमखास पकडला जातो; शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी पकडले जातात, फक्त नव्वदच्या जागी शून्य-नऊ किंवा उलट झालं तरच हा पहारेकरी फसतो. लूनने १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी माझ्या चुकांची व्यवस्था करून ठेवली होती. एकच पळवाट ठेवली, आणि मला नेमकं नव्वद बरोबर ऐकू येतं.

पाचव्या खेपेला क्रमांक लागला. आता ओटीपी. कधी कधी फोन तो स्वतःच भरतो. त्या दिवशी नाही भरला. संदेश उघडायचा, सहा आकडे पाहायचे, तोंडाने पुटपुटत ॲपमध्ये परत यायचं आणि भरायचे. पहिल्या खेपेला पाच आणले, सहावा वाटेत सांडला. दुसऱ्या खेपेला सहा आणले, पण त्यातला एक आधीच्या ओटीपीतला होता.

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये लिहिलं, की माणसाला एका वेळी सात, अधिक-उणे दोन, इतक्या गोष्टी मनात धरता येतात. हे वाचल्यापासून मी 'उणे दोन'ची सभासद आहे. पुढच्या संशोधकांनी तर ही मर्यादा चारच्या आसपास आणली. म्हणजे मी हुशारच की. हे नवऱ्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, "ओटीपीची मुदत संपली बघ."

गंमत अशी, की काही आकडे जाता जात नाहीत. लहानपणी घरी असलेल्या फोनचा नंबर मला झोपेतून उठवलं तरी येतो, चालीसकट. तो फोन बंद होऊन कैक वर्षं झाली. त्या नंबरवर उचलायला कोणी नाही. शाळेतला हजेरीचा क्रमांकही आठवतो. त्या आकड्याला "हजर" म्हणावंसं वाटतं अजून.

तिसऱ्या ओटीपीला यश आलं आणि ॲपने विचारलं, नवा पिन काय ठेवणार? जन्मतारीख नको, ओळीने आकडे नकोत. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मला कधीच विसरता येणार नाही असे चार आकडे माझ्याकडे होते, आणि जगात कोणालाही ते सुचणार नव्हते. भरले. पुन्हा भरले. 'अभिनंदन.' मी खुर्चीत मागे रेलले.

"कुठला ठेवलास?" आतून आवाज आला.

"ते सांगायचं नसतं."

"माहेरच्या फोनचे शेवटचे चार ना?"

मी काही बोलले नाही. निमूटपणे 'पिन बदला' दाबलं. आधी सध्याचा पिन टाका, असं ॲप म्हणालं. आकडे पुन्हा नव्या खुर्च्यांवर बसले होते. आधी अंगठा पुढे झाला.

'दोन संधी शिल्लक.'