आधी पश्चिमेची भिंत, मग एलेव्हेशन

सोलापुरात हल्ली कोणाकडेही बांधकाम निघालं की पहिला वाद एलेव्हेशनवरून, म्हणजे घराच्या दर्शनी रूपावरून होतो. आमच्याकडेही तेच चाललंय. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, जुळे सोलापुरात घर बांधतोय. तीस बाय पन्नासचा प्लॉट, रस्ता पश्चिमेला. स्वयंपाकघर कुठे, जिना कुठे, देवघर कुठे हे एका बैठकीत ठरलं. घर बाहेरून कसं दिसणार यावर मात्र घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. पुतण्याला मॉडर्न हवंय: दोन मजले उंच काच, करडी एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आवरण), कडेने दिव्यांच्या पट्ट्या. काकांना वाड्यासारखं हवंय: कमान, दगडी दिसणारे खांब, वर लाकडी महिरप. वहिनी एवढंच म्हणतात, काय करायचं ते करा, पण उन्हाचं बघा. त्यांचं कोणी फारसं मनावर घेत नाही. माझ्या मते या सगळ्या वादात मुद्द्याचं तेवढं त्या एकट्याच बोलतायत.

मी अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला राहते. घराच्या बाह्यरूपावरचा हा वाद इथे फार जुना आहे, आणि जवळच्या सांता फे शहरात तर तो कायद्याने मिटवलाय. तिथे जुन्या भागात कोणी आपल्या मनाने काचेचं घर बांधू शकत नाही. १९५७ च्या नियमाने तिथल्या घरांचा रंग, छताचा आकार, खिडक्यांचं प्रमाण, सगळं बांधून दिलंय. मातकट रंगाच्या गोलसर कडांच्या भिंती, सपाट छत, भिंतीतून बाहेर डोकावणारी तुळयांची टोकं, पावसाचं पाणी लांब फेकणारी लाकडी पन्हाळं. सोलापूर-धाराशिवकडचा माणूस पहिल्यांदा तिथे उभा राहिला तर त्याला माळवदच आठवेल. मलाही आजोळचं घर आठवलं.

ज्यांनी माळवद पाहिलंच नाही अशी एक पिढी आता मोठी झालीय, म्हणून थोडं सांगते. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या बारीक लाकडांची किलचन, आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती गावातल्या जुन्या वस्तीच्या पांढरीतून आणायची. पावसाळ्याच्या तोंडावर वर नवा थर पसरायचा आणि चोपून बसवायचा. उजेडासाठी छताला एक साणं, म्हणजे झरोका. खिडक्या लहान आणि उंचावर. मे महिन्यात दुपारी बाहेरून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना काही दिसायच्या आधी अंगाला गारवा कळायचा. तिथे पंखा कोणी शोधत नसे.

इथेही हीच करामत आहे. ताओस पुएब्लो या इथल्या मूळ रहिवाशांच्या गावातली मातीची घरं शेकडो वर्षं वस्तीत आहेत, आणि लोक आजही त्यांना वरचेवर मातीचा नवा गिलावा करतात. मधल्या काळात मात्र इथल्या लोकांनाही आपल्या मातीच्या घरांची लाज वाटली होती. १८८० मध्ये रेल्वे आली, तिच्याबरोबर विटा, पत्रे, उतरती छपरं आणि पूर्वेकडच्या शहरांची फॅशन आली. मातीच्या भिंतींवर विटांचे मुखवटे चढले. १९१२ मध्ये सांता फेने शहराचा आराखडा करताना उलटं वळण घेतलं आणि जुन्या रूपाला शहराची ओळख म्हणून पुढे आणलं. पुढे त्याचाच कायदा झाला. आपल्याकडे आज जे चाललंय त्यातून हे लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेत.

सोलापुरातले काही जाणकार, विशेषतः बाळीवेस आणि कसब्यातले जुने वाडे एकेक करून पडताना बघून कळवळणारे, म्हणतात की आपल्याकडेही असा कायदा हवा. त्यांचा कळवळा मला मनापासून पटतो. कायदा पटत नाही. सांता फेच्या आसपास नव्याने उभ्या राहणाऱ्या त्या 'मातीच्या' घरांचं काम चालू असताना मी बघितलंय. आत बारीक लाकडाचा सांगाडा, त्याला प्लायसारखे तक्ते, वर तारेची जाळी आणि तीवर जेमतेम पाऊण इंचाचा गिलावा. तुळयांची टोकं तर कित्येक ठिकाणी नुसती बाहेरून चिकटवलेली, छताचा भार त्यांच्यावर नसतोच. रूप माळवदाचं, भिंत मात्र पोकळ, म्हणून आत दिवसभर एसी. कायद्याने चेहरा राखला, भिंतीचं काम राखलं नाही. काकांना हवी असलेली वाडा स्टाईल याच जातीची आहे. चार इंची भिंतीवर अर्ध्या इंचाची दगडी टाईल चिकटवली तर घरात वाड्याचा गारवा येत नाही, कोबा तापायचा तसाच तापतो. कमान फायबरची, खांब पोकळ. त्या पैशात पश्चिमेची भिंत दुप्पट जाड होईल.

आणि आम्हा परदेशातल्या माणसांना माळवदाचे उमाळे येतात तेव्हा एक तारीख विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या सुमाराला जी हजारो माणसं गेली ती याच भिंतींखाली आणि याच मातीखाली गेली. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं थरावर थर चढवून छताचं वजन अफाट झालेलं, आणि भिंती नुसत्या दोन बाजूंनी दगड रचून मध्ये माती भरलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार जोडदगड त्यांत नव्हते, म्हणून त्या दोन्हीकडे उलगडून पडल्या. त्यानंतर आपल्या भागातल्या लोकांचा दगडमातीवरचा विश्वास उडाला आणि सगळे स्लॅबकडे वळले. ते बरोबरच होतं. माझ्या आजोळीही त्यानंतर माळवद उतरवलं. तेव्हा कोणी सिमेंटच्या घराला नावं ठेवली की मला ते सहन होत नाही. कॉलम, बीम आणि स्लॅब हे आपल्या लोकांनी जिवाच्या भीतीने केलेले बदल आहेत, हौसेने केलेले नाहीत.

चुकलं ते पुढे. स्लॅब आला तेव्हा माळवदातल्या चांगल्या गोष्टी त्याच्याबरोबर आणता आल्या असत्या: पांढरं छत, जाड पश्चिम, लहान खिडक्या, खोल सावली. त्या कोणी आणल्या नाहीत. आता त्या भिंतींवर काच चढतेय.

या काचेबद्दल पुतण्याशी मी बरीच भांडले, कारण इथे मला पटवून द्यायला सोपं गणित आहे. साध्या एकेरी काचेवर ऊन पडलं की त्या उष्णतेचा सुमारे चार पंचमांश भाग आत येतो. सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि जूनमध्ये तर तो उत्तरेकडून येतो. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा केला की उन्हाळ्यात तिच्यावर ऊन जवळजवळ पडतच नाही. पश्चिमेचं तसं नाही. चार वाजता ऊन तिरपं, थेट समोरून येतं, छज्ज्याच्या खालून घुसतं. दादाचा रस्ता पश्चिमेला, म्हणजे दर्शनी भाग पश्चिमेचा, आणि नेमकी तिथेच दोन मजली काच. पारा चाळिशी ओलांडतो त्या महिन्यांत संध्याकाळी त्या हॉलमध्ये कोणी बसणार नाही. पडदे कायमचे ओढलेले राहतील. मग काच कशासाठी लावली? शिवाय ती पुसायची कशाने? उजनीचं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं, आणि आपली धूळ कशी असते ते विजापूर रोडला राहणाऱ्याला विचारा.

एसीपीचं तर मला भयच वाटतं. स्वस्त शीटमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन असतं, आणि ते पेटतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला आग बाहेरच्या असल्याच आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसं गेली. आपलं घर दोनच मजल्यांचं, हे खरं. पण मीटरची पेटी बहुतेक घरांना समोरच्याच भिंतीला असते.

पुतण्याला मॉडर्न घर हवं असण्यात मला काही वावगं वाटत नाही. सोलापूरचं असं एकच अस्सल रूप कधी नव्हतंच. कसब्यातला लिंगायत वाडा वेगळा, पूर्व भागातलं पद्मशाली विणकराचं पुढच्या खोलीत माग असलेलं घर वेगळं, रेल्वे लाईन्सकडचा इंग्रजी थाटाचा बंगला आणखी वेगळा. आप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या, आज महापालिकेच्या असलेल्या इंद्रभुवनात कुठकुठल्या शैली एकत्र आल्यात ते बघायला हवं. तरी ते परकं वाटत नाही. दादाच्या घराचा चौकोनी, सरळ रेषांचा आराखडा मला स्वतःलाही आवडला. त्याच आराखड्यात काचेच्या जागी बाहेरून भाजक्या मातीची जाळी घ्या आणि ती भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे उभी करा. ऊन जाळीवर पडेल, मधल्या जागेतून वारा वाहील, आणि रात्री आतून दिवा लावला की रस्त्यावरून ते रूप एसीपीच्या दसपट देखणं दिसेल. पश्चिमेला जिना, बाथरूम, कोठीची खोली आणा, बैठक पूर्वेला न्या. पश्चिमेची भिंत वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात लावत तशी विटा उभ्या ठेवून, मध्ये पोकळी राखून बांधता येते. तिला विटा सुमारे पंचवीस टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. गवंड्याला एकदा सवय करावी लागते, एवढंच. गच्चीवर पांढऱ्या टाईलच्या तुकड्यांचं मोझॅक करा. हे सगळं मॉडर्नच आहे.

आणखी एक. डिझायनरच्या चित्रात पाण्याची टाकी कधीच नसते. सोलर नसतो, एसीचं बाहेरचं युनिट नसतं, ड्रेनेजचा पाईप नसतो. मागे हिरवीगार झाडं असतात, ती आपल्या रस्त्यावर नसतात. घर पुरं झालं की त्या महागड्या काचेच्या मनोऱ्यावर काळी टाकी चढते आणि सगळं रूप तिथेच संपतं. ज्या शहरात पाणी साठवल्याशिवाय संसार होत नाही तिथे टाकी ही घराच्या रूपाची पहिली गोष्ट धरायला हवी. अल्बुकर्कीत आमच्या छतावरही कुलर असतात, पाण्यावर चालणारे, आपल्याकडच्यासारखेच. पण कठडा तेवढ्या उंचीचा बांधतात की रस्त्यावरून ते दिसत नाहीत. कागदावर ते आधीपासून धरलेलं असतं.

महापालिकेकडून मला सांता फेसारखा रंगाचा आणि कमानीचा नियम नको. बांधकाम परवान्याच्या वेळी दोनच गोष्टी विचाराव्यात: गच्ची उन्हाला कशी तोंड देणार, आणि पश्चिमेच्या उघड्या भागाला सावली कशाची. केंद्राची २०१८ ची इको निवास संहिता आहे. भिंती-खिडक्यांमधून येणाऱ्या उष्णतेला तिने चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातलीय. पण ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे. दादाचा प्लॉट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचाही भरत नाही, आणि सोलापुरातली बहुतेक बैठी घरं त्याच मापाची. म्हणजे ज्यांना एसीचं बिल सगळ्यात जड जातं त्यांच्याबद्दल नियम गप्प आहे. हे मला खरोखर चुकीचं वाटतं.

घरापुढच्या ओट्याचंही बोलायलाच हवं. डिझायनरने दादाला दिलेल्या चारही चित्रांत पुढे फक्त गेट आणि पार्किंग. पूर्व भागात दुपारी बायका ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात, शेजारणीच्या पोरावर नजर ठेवतात. ते आठवा आणि मग हे बंद गेट बघा. इथल्या कॉलन्यांत घरांची तोंडं म्हणजे गॅरेजची शटरं झाली आणि शेजाऱ्याचं नाव माहीत नसणं ही रोजची गोष्ट झाली. त्याचा पश्चात्ताप इथे इतका झाला की फ्लोरिडात सीसाइड नावाचं नवं गाव १९८० च्या दशकात वसवताना घरापुढे व्हरांडा असावा हे नियमातच घातलं. जे त्यांना नियम करून परत आणावं लागलं ते आपल्याकडे अजून शिल्लक आहे. दादा, गाडी चार फूट मागे घे.

आता माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना. जुळे सोलापूर आणि होटगी रोडवरच्या कित्येक घरांची रूपं आपण इथून पाठवलेल्या फोटोंवरून ठरलीयत. टेक्सासमधलं एखादं घर, सिडनीतलं एखादं, दुबईतलं एखादं. पैसे आपण पाठवतो म्हणून घरचे आपला शब्द मोडत नाहीत. मीही यंदा दादाला थोडी रक्कम देणार आहे. त्यातली काचेला एक रुपयाही जाऊ नये असं त्याला स्पष्ट कळवलंय. ती रक्कम जाळी, गच्चीचं मोझॅक आणि गेटबाहेरच्या दोन कडुनिंबांच्या पिंजऱ्यांसाठी आहे. बाकीचं सगळं वहिनींना विचारून ठरवा, असंही लिहिलंय.