पुळणीवर गाडी घालण्याआधी एवढं वाचा

कोकणात समुद्र बघायला गाडीतून उतरावं लागतं, ही या भागाची जुनी गैरसोय आहे. ताम्हिणी घाट उतरायचा, माणगावच्या कोंडीत तपश्चर्या करायची, मुंबई-गोवा महामार्गाचं काम कंबरेनं मोजायचं आणि शेवटी सुरूच्या बनाशी कुणीतरी हात आडवा करून म्हणणार, "ओ साहेब, गाडी हितंच लावा, पुढं चालत जा." पुढं म्हणजे किती? दोनशे पावलं! एवढ्यासाठी का आपण फोर बाय फोर घेतली? (आपली फोर बाय फोर नाही, हे खरं. पण दिसायला तशीच आहे, आणि वाळूला काय कळतंय.)

तेव्हा खचू नका. प्रत्येक गावात होड्या ओढायचा एक उतार असतोच. तिथे ग्रामपंचायतीनं जांभ्याचे चिरे आडवे टाकलेले दिसतील. ती विनंती समजावी, आणि विनंती बाजूला सरकवता येते. उताराच्या कडेला जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. तिच्या मुळांनी वाळूचे ढिगारे धरून ठेवलेले असतात, म्हणून गाडी नेमकी तिच्यावरूनच घालावी, टायरला पकड मिळते. ढिगारा पुढच्या पावसाळ्यात वाहून गेला तर तोपर्यंत आपण महाबळेश्वरला असू.

आता लोक अडवतील, त्यांना द्यायची उत्तरं आधीच घोटून ठेवा.

पहिलं उत्तर हुकमी आहे: "जागा सार्वजनिक आहे." हे छातीठोकपणे म्हणावं. फक्त समोर हवालदार असेल तर जरा हळू म्हणावं. कारण 1988च्या मोटार वाहन कायद्यातही जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागाच. म्हणजे परवाना, विमा आणि बेदरकारपणे गाडी हाकण्याचं कलम, सगळी वरात आपल्याबरोबर वाळूत उतरते. शिवाय भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वेगळा राखून ठेवलाय, आणि वाळूचे ढिगारे व कासवांच्या विणीच्या जागा तर सगळ्यात वरच्या वर्गात घातल्यात. 1991 पासून ही अधिसूचना निघतेय, बदलतेय, पुन्हा निघतेय. इतक्या वर्षांत आपण ती वाचली नाही, ही सवय आत्ताच कशाला मोडायची?

दुसरं उत्तर: "कोळ्यांचे टेम्पो चालतात, मग आमचीच गाडी खुपते का?" टेम्पो मासळीच्या पेट्या भरतो आणि निघून जातो, पाण्याच्या कडेनं सायलेन्सर काढून आठचे आकडे काढत नाही, असल्या किरकोळ फरकांत शिरू नये. टेम्पोवाल्याला भरती-ओहोटी पाठ असते आणि आपल्याला गाण्यांची यादी. ज्याचं त्याचं ज्ञान.

पण सगळ्यांत मोठं अस्त्र म्हणजे आजी. "म्हाताऱ्या माणसांनी समुद्र बघायचाच नाही का?" असं विचारलं की समोरचा गप्प होतो, कारण प्रश्न रास्त आहे. यासाठी आजी बरोबर असावीच लागते असं नाही. ती सदाशिव पेठेत असली तरी चालतं. खरोखरच आणली असेल तर मागच्या सीटवर मधोमध बसवा, काचा वर, एसी चालू, म्हणजे खारा वारा लागायला नको. मात्र एक पथ्य काटेकोर पाळा. "इथे लाकडी फळ्यांची वाट टाका, वाळूत चालणारी चाकाची खुर्ची ठेवा," अशी मागणी चुकूनही करू नका. पंचायतीनं ती मान्य केली तर आजी थेट लाटांपर्यंत पोचेल आणि गाडी बाहेर राहील. मग आपण एवढं भांडलो कशासाठी?

वेळास, आंजर्ले, केळशी या बाजूला असाल आणि दिवस थंडीचे असतील, तर कासवांचाही थोडा त्रास होईल. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री भरतीरेषेच्या वर येऊन हात-दीड हात खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू थापते आणि निघून जाते. वर पाटी लावत नाही. आता कासवमित्र पहाटे फिरून ती अंडी कुंपणात नेऊन ठेवतात, पण आपण मध्यरात्रीच चकरा मारून घेतल्या तर त्यांचं काम आधीच संपलेलं असतं. दीड-दोन महिन्यांनी जी पिल्लं निघतात, ती उजेडाच्या दिशेनं पाण्याकडे धावतात. त्यांना आपले हेडलाइट वाट दाखवतील. भलतीकडची, पण दाखवतील. आणि टायरच्या चाकोरीत पडलेल्या दोन इंची जिवाला ती भिंत कशी वाटते, हा त्याचा प्रश्न. वेळासच्या लोकांनी 2006 पासून या पिल्लांचा महोत्सव भरवून घरोघरी पाहुणे उतरवले, गावात पैसा आणला. पाहुणे तिथे दोरीमागे गुपचूप उभे राहतात म्हणे. हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. कसली मजा?

वाळूचा कंटाळा आला तर पावसाळ्यात सडे मोकळेच आहेत. जांभ्याच्या त्या उघड्या कातळावर तळहाताएवढ्या मातीत सीतेची आसवं फुलतात, आणि खाली हजारो वर्षांपूर्वी कुणी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. 2022 साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे 18 मीटर आहे, म्हणजे पार्किंगला ऐसपैस. रेषा जेमतेम बोटभर खोल, त्यामुळे सस्पेन्शनलाही धक्का नाही.

परत किनाऱ्यावर येऊ, कारण खरा कार्यक्रम तिथेच होतो. दिवस पौर्णिमेचा निवडा. संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते, पुळण ओली, घट्ट आणि लांबच लांब पसरलेली, मावळता सूर्य नेमका बॉनेटवर. फोटो झाले की गाडी तिथेच सोडून सुरमईच्या थाळीला जा. घरवाल्या काकू विचारतील, "गाडी खाली तर नाही ना ठेवलीत?" हसून मान हलवा. इथल्या माणसांना भरतीसाठी मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. पौर्णिमेचा हिशोब काढलात तर रात्रीचे सव्वाअकरा येतात, आणि त्या दिवशी उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. पण सोलकढीची दुसरी वाटी समोर असताना पाढे कोण म्हणतो?

बाराला गाडी हलवायला जाल तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. चाकं जागेवर फिरून स्वतःचा खड्डा स्वतः खणतील आणि क्लचचा वास थेट सुरूच्या बनापर्यंत जाईल. मग ट्रॅक्टरवाला येईल. त्याचा दर पाण्याच्या उंचीप्रमाणे चढतो: टायर भिजलेला असेल तर एक, दार भिजलेलं असेल तर दुसरा, आणि छत दिसेनासं होत आलं की तो आकडा सांगतच नाही, नुसता बघतो. घासाघीस करताना समुद्राकडे पाठ ठेवू नये. ट्रॅक्टर नसेल तर बैल असतात. त्यात कमीपणा मानू नका; 2024च्या डिसेंबरात रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारीसुद्धा बैलगाडीनंच ओढून काढली होती.

शेवटी विम्याचा अर्ज. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, म्हणून भाषा जपून वापरा. "गाडी समुद्रात नेली" असं लिहू नका. "गाडी उभी असताना समोरून भरधाव आलेल्या समुद्रानं धडक दिली" असं लिहा. चूक कुणाची? समोरच्याची. आणि धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक विचारला असेल, त्या रकान्यात लिहा: पौर्णिमा.