एनडीटीत विद्यापीठांचं काम काय? फिरणाऱ्या एका दाव्याला उत्तर

फाउंड्री, फोर्जिंग आणि फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा गाभा असा: माल न फोडता तपासण्याचं सगळं तंत्र, म्हणजे एनडीटी, मशीन बनवणाऱ्या कंपन्यांनी दिलं. या विषयात आता शोधायचं काही उरलेलं नाही. विद्यापीठं फक्त पेपर छापतात, ते पडून राहतात. भारतात तर प्राध्यापकांकडून कारखान्याला काही मिळाल्याचं उदाहरणच नाही. आणि शेवटी सल्ला: चांगला सेट (तपासणीचं यंत्र) घ्या, लेव्हल-टू (एनडीटीचं दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र असलेला) माणूस ठेवा, पास झालेला माल निर्धास्त पाठवा.

यातला पहिला मुद्दा इतिहासाला धरून नाही आणि शेवटचा सल्ला धोक्याचा आहे. मधे थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. हा मजकूर वाचून आमच्या क्षेत्रातली तरुण मुलं ‘पुढे शिकून काय करायचं’ असं विचारायला लागली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘सगळं तंत्र कंपन्यांनी दिलं’

आज कुठल्याही शॉपमध्ये यूटी, म्हणजे अल्ट्रासोनिक तपासणी, करताना आपण काय करतो? ग्रीस किंवा तेल लावून प्रोब एका बाजूने टेकवतो, आवाजाचा छोटा झटका आत सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी पडद्यावर पाहतो. हे एका बाजूने तपासणं फ्लॉइड फायरस्टोन यांनी अमेरिकेत शक्य करून दाखवलं. ते मिशिगन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९४२ मध्ये ते मिळालं. त्याआधी १९२८ मध्ये लेनिनग्राडच्या विद्युत-अभियांत्रिकी संस्थेत सर्गेई सोकोलोव्ह यांनी अल्ट्रासोनिक लहरींनी धातूतले दोष शोधण्याची कल्पना मांडली होती. पण त्यांची पद्धत आरपारची होती, म्हणजे जॉबच्या (तपासायच्या वस्तूच्या) दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. बंद टाकी किंवा बसवलेला पाइप तिथे अडायचा.

रेडिओग्राफीचं, म्हणजे एक्स-रेने तपासण्याचं, मूळ जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातल्या राँटगेन यांच्या प्रयोगशाळेत आहे, १८९५ मधलं. प्रेशर व्हेसलवर भार वाढवताना धातूतून येणारे बारीक आवाज ऐकून तडा ओळखतात त्या अकूस्टिक एमिशनचा पाया म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात योझेफ कायझर यांनी १९५० च्या प्रबंधात घातला. आधी सोसलेल्या भाराच्या वर गेल्याशिवाय धातू पुन्हा आवाज करत नाही, ही त्यांनी नोंदवलेली गोष्ट आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

कंपन्यांचा वाटा नाकारायचं काहीच कारण नाही. फायरस्टोन यांची कल्पना बाजारात विकता येईल असं यंत्र म्हणून स्पेरी प्रॉडक्ट्सने आणली. डीपीचं (डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या द्रवाने तपासणं) मूळ तर रेल्वेच्या वर्कशॉपमधलं आहे: तेल लावायचं, पुसायचं, वर खडूची भुकटी, तडा असेल तिथे तेल उमटतं. त्यात चमकणारा रंग आणला तो अमेरिकेतल्या स्वित्झर बंधूंनी, तेही विद्यापीठाबाहेर. म्हणजे खरं चित्र मिश्र आहे. ‘सगळं कंपन्यांनी’ हे जितकं चूक, तितकंच ‘सगळं विद्यापीठांनी’ हेही चूक ठरेल.

‘शोधायचं काही उरलेलं नाही’

रिफायनरीतल्या पाइपवर लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, असतं आणि त्याखाली पाणी शिरून गंज धरतो. समुद्राकाठच्या दमट हवेत, आपल्या मुंबईतल्या माहुलसारख्या ठिकाणी, ही कायमची डोकेदुखी. नेहमीचा यूटी प्रोब जिथे टेकवला तेवढ्याच जागेची जाडी सांगतो. म्हणजे सगळा पाइप बघायचा तर सगळं लॅगिंग उतरवा, परांची बांधा, मोजा, पुन्हा चढवा. तपासणीपेक्षा खर्च त्या उतरवण्या-चढवण्यात जातो, आणि म्हणून बहुतेक पाइप तपासलाच जात नाही.

यावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पीटर कॉली आणि डेव्हिड अ‍ॅलेन यांनी १९९० च्या दशकात काम केलं. पाइपभोवती प्रोबचं एक कडं आवळायचं आणि मेगाहर्ट्झऐवजी काही दहा किलोहर्ट्झची लहर पाइपच्या भिंतीतून लांबवर सोडायची. दोन्ही बाजूंना काही दहा मीटरपर्यंत ती जाते आणि वेल्डवरून, गंजलेल्या जागेवरून प्रतिध्वनी आणते. लॅगिंग उतरवायचं ते फक्त कडं बसवण्यापुरतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण कल्पना जुनीच होती आणि तरीही ती चालत नव्हती. पाइपच्या भिंतीत एकाच वेळी अनेक प्रकारच्या लहरी उठतात, प्रत्येकीचा वेग वेगळा, आणि काहींचा वेग वारंवारितेप्रमाणे बदलत जातो. पडद्यावर सगळं एकमेकांत मिसळून जातं. यातली नेमकी कोणती लहर उठवायची, बाकीच्या कशा दाबायच्या, प्रोब कड्यावर कसे मांडायचे, हे गणित सुटल्यावरच पद्धत कामाची झाली. त्या गटातून १९९९ मध्ये गाइडेड अल्ट्रासोनिक्स नावाची कंपनी निघाली. २०१६ मध्ये या तपासणीसाठी आयएसओचं मानक आलं, क्रमांक १८२११. कुठल्याही मशीन कंपनीच्या सेल्स विभागाला हे गणित दहा-बारा वर्षं धरून बसणं परवडलं असतं असं मला वाटत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण विकणारे त्या नेहमी सांगत नाहीत. ती उरलेली जाडी मोजत नाही, फक्त ‘इथे बघा’ म्हणते. फ्लँजच्या (बोल्टने आवळलेल्या जोडाच्या) पलीकडे जात नाही, एल्बोनंतर (पाइपच्या वळणानंतर) सिग्नल बिघडतो. खूण झालेल्या जागी लॅगिंग उघडून साध्या यूटीने जाडी मोजावीच लागते. आणि या मर्यादा कमी करण्याचं काम चालू आहे, म्हणजे शोधायचं उरलेलं आहेच.

‘पेपर पडून राहतात’

२००५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या कॅरोलाइन होम्स, ब्रूस ड्रिंकवॉटर आणि पॉल विल्कॉक्स यांनी एक पेपर प्रसिद्ध केला. ६४ एलिमेंटचा अ‍ॅरे प्रोब घ्या, म्हणजे एकाच प्रोबमध्ये ओळीने बसवलेले ६४ छोटे प्रोब. एकेक एलिमेंट वाजवा आणि दर वेळी सगळ्या ६४ नी ऐका. असे ४०९६ सिग्नल साठवा. मग जॉबच्या आतल्या प्रत्येक बिंदूसाठी ते सिग्नल हिशोबाने जुळवून चित्र काढा, म्हणजे प्रत्येक बिंदू फोकसमध्ये येतो. तेव्हाच्या संगणकांवर हे संथ होतं आणि ‘शॉप फ्लोअरवर कोण वापरणार’ असं म्हणणं सोपं होतं. पुढे गणना स्वस्त झाली, पद्धत हातात मावणाऱ्या सेटमध्ये आली, आणि २०१९ च्या एएसएमई सेक्शन पाचमध्ये (अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या कोडचा एनडीटीचा भाग) तिला जागा मिळाली. आज विक्रेता ‘टीएफएम (टोटल फोकसिंग मेथड) आहे’ म्हणून ज्या सेटचे जास्त पैसे मागतो, त्यातली टीएफएम तीच. पेपरपासून कोडपर्यंत १४ वर्षं गेली. ज्या क्षेत्रात चूक झाली की बॉयलर फुटतो, त्यात नवी पद्धत कोडमध्ये यायला वेळ लागतो आणि लागलाच पाहिजे.

पण या मुद्द्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. पुष्कळ प्रबंध अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट पट्टीवर मशीनने कापलेल्या खाचेपाशी थांबतात. खरा थकव्याचा तडा आवळलेला असतो, वाकडा चालतो, आत तेल-मळ भरलेला असतो. खरा गंज खडबडीत असतो. खाचेवर ९९ टक्के यश दाखवणारी पद्धत ओतीव हाउसिंगवर पहिल्याच दिवशी उताणी पडू शकते. प्राध्यापकाची बढती पेपरच्या संख्येवर ठरते, कारखान्यात पद्धत चालली का यावर नाही. ही खरी अडचण आहे.

तिच्यावर तोडगेही काढले गेले आहेत. ब्रिटनमध्ये २००३ पासून एनडीटीचं एक संयुक्त संशोधन केंद्र आहे, आरसीएनडीई. इंपीरियल, ब्रिस्टल, स्ट्रॅथक्लाइड अशी विद्यापीठं त्यात आहेत, आणि रोल्स-रॉइस, शेल, बीपी यांसारख्या कंपन्या वर्गणी भरून सभासद होतात. पैसे भरणारे विषय ठरवताना टेबलावर असतात. काही संशोधक विद्यार्थी डॉक्टरेटचा बहुतेक काळ कंपनीतच काढतात. असा विद्यार्थी खाचेपाशी थांबूच शकत नाही, कारण समोर रोज खरा जॉब असतो.

‘भारतात उदाहरणच नाही’

हे थोडक्यात आटोपतं. आयआयटी मद्रासमध्ये कृष्णन बालसुब्रमण्यम यांनी एनडीटीचं केंद्र उभं केलं. तिथल्या वर्तुळातून ध्वनी, प्लॅनिस, डिटेक्ट अशा कंपन्या निघाल्या. प्लॅनिसची रिमोटवर चालणारी यंत्रं पाण्याखाली उतरून बंदरं, धरणं, पुलांचे खांब तपासतात. डिटेक्टची सुरुवात गरम पाइपवर कायमचे बसवायच्या गाइडेड वेव्ह सेन्सरपासून झाली. एक उदाहरण पुरलं असतं.

आपल्याकडे अशी केंद्रं कमी आहेत, हे म्हणणं योग्य आहे. महाराष्ट्रात एवढ्या फाउंड्र्या आणि फोर्जिंग असताना इथे तशा तोलाचं केंद्र नाही, याची मला खंत वाटते. पण कमी असणं वेगळं आणि नसणं वेगळं.

‘पास झालेला माल निर्धास्त पाठवा’

या मुद्द्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं डीसी-१० विमान अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला कोसळलं. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क हवेत फुटली, तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या. २९६ पैकी ११२ माणसं गेली. ही डिस्क तपासलेली नव्हती का? घडवताना तिची अल्ट्रासोनिक तपासणी झाली होती, पास. वापरात असताना फ्लुरोसंट पेनिट्रंटने (वर सांगितलेल्या चमकणाऱ्या रंगाच्या डीपीने) ती वेळोवेळी तपासली होती, पास. शेवटची तपासणी एप्रिल १९८८ मधली. त्या वेळी पृष्ठभागावरचा तडा सुमारे अर्धा इंच लांब असावा, असा चौकशीत अंदाज निघाला. अर्धा इंच. प्रशिक्षित माणूस, मान्य पद्धत, योग्य रसायन, आणि तरी सुटला.

तड्याचं मूळ धातूतच होतं. टायटॅनियम वितळवताना नायट्रोजन शिरून एक कडक, ठिसूळ गाठ राहिली होती, तिला हार्ड अल्फा म्हणतात. तिच्यातून आणि भोवतालच्या टायटॅनियममधून आवाज जवळजवळ सारखाच जातो, त्यामुळे प्रतिध्वनी क्षीण येतो. वर टायटॅनियमचे कण स्वतःच इतकं ग्रास (पडद्यावरचा गवतासारखा दिसणारा गोंगाट) उठवतात की तो क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडतो. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवला तर ग्रासही वाढतं. ऑपरेटर कितीही चांगला असो, इथे त्याचा हात थांबतो.

आयोवा स्टेट विद्यापीठ त्याच राज्यात, एम्सला. तिथल्या एनडीटी केंद्रात ब्रूस थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी कणांमुळे उठणाऱ्या या ग्रासचं गणित मांडलं: कण केवढे, बीम किती बारीक, तर ग्रास किती आणि त्यातून केवढी गाठ दिसेल. अपघातानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या पैशातून जीई, प्रॅट अँड व्हिटनी आणि अलाइडसिग्नल या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या विद्यापीठासोबत एका गटात आल्या. तीन इंजिन कंपन्यांना एका टेबलाशी बसवायला तटस्थ जागा लागते, आणि ती विद्यापीठाखेरीज कोण देणार होतं?

याच प्रश्नाची दुसरी बाजू ओहायोतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत अ‍ॅलन बेरेन्स यांनी हाताळली. तपासणी ‘किती बारीक तडा पकडते’ हा प्रश्न अपुरा आहे, ‘केवढा मोठा तडा तिच्या हातून सुटू शकतो’ हे विचारायला हवं. त्यासाठी तडा सापडण्याच्या संभाव्यतेचा आलेख लागतो, पीओडी. वैमानिकी क्षेत्रात नियम असा बोलला जातो: ९० टक्के वेळा सापडेल असा तडा, तेही ९५ टक्के खात्रीने. हे आकडे हवेतले नाहीत. ठरावीक मापाचे २९ तडे ठेवा, तपासणाऱ्याला ते कुठे आहेत हे सांगू नका. २९ पैकी २९ सापडले तरच ही खात्री सिद्ध होते. २८ पैकी २८ सापडले तरी हिशोब किंचित अपुरा पडतो. एक सुटला की आणखी नमुने लागतात.

आता आपल्या शॉपमध्ये या. व्ही-वन ब्लॉकवर (ठरावीक मापाच्या प्रमाणित ठोकळ्यावर) सेट कॅलिब्रेट केला, म्हणजे सेट बरोबर आहे एवढंच कळलं. तुमच्या स्टीअरिंग नकलवर (गाडीच्या चाकाजवळचा भाग), तुमच्या फिलेटपाशी (आतल्या गोलाईच्या कोपऱ्यापाशी), रात्रपाळीला, तुमचा माणूस तीन मिलिमीटरचा तडा दहातून किती वेळा पकडतो, हे त्या ब्लॉकला माहीत नाही. लेव्हल-टू प्रमाणपत्रही ते सांगत नाही. ते मोजावं लागतं, आणि ते मोजण्याची रीत विद्यापीठाच्या संख्याशास्त्रातून आली आहे.

‘लहान कारखान्याला याचा काय उपयोग?’

मूळ मजकुरात हे नाही, पण खाली प्रतिक्रियांत हमखास येतं. लहान कारखान्याला केंद्र उभारायचं नसतं. त्याचा प्रश्न छोटा असतो: या आकाराच्या जॉबला कोणत्या कोनाचा प्रोब, कुठून टेकवला तर त्या कोपऱ्यापर्यंत बीम पोचेल? एसजी आयर्नच्या (गोल ग्राफाइटचं ओतीव लोखंड) कास्टिंगमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ५६०० मीटरच्या आसपास हवा, माझ्या एका हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) कमी का येतोय? असा प्रश्न जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एमटेकच्या विद्यार्थ्याचा एका वर्षाचा प्रकल्प होऊ शकतो.

त्या विद्यार्थ्याकडे नसतं ते आपल्याकडे पडलेलं असतं: खरे दोष. रिजेक्शनच्या ढिगातले तडे गेलेले, ब्लोहोलवाले (आत वायूची पोकळी राहिलेले) जॉब भंगारात वितळवायला पाठवण्याआधी त्यातले तीसेक बाजूला काढा. प्रत्येकावर हीट नंबर लिहा, कोणत्या तपासणीत काय दिसलं ते लिहा, आणि पास झालेले पण गिऱ्हाइकाकडून परत आलेले जॉब असतील तर ते आधी द्या. नंतर ते कापून आत तडा नेमका किती खोल होता ते मोजू द्या. गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग झाकायचं असेल तर तसा साधा करार करता येतो. खाचेवर थांबणारा प्रबंध पुढे सरकायला एवढं सामान लागतं, आणि ते कॉलेजला दुसरीकडून मिळत नाही.