‘मुंबई स्वतःच्या जिवावर श्रीमंत झाली’ म्हणणाऱ्या लेखाला कराडहून उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच लेख मला पाच ग्रुपवर आला. भावकीच्या ग्रुपवर तर दोनदा. एक प्रवासवर्णनकार वीस वर्षांनी मुंबईत गेले, चार दिवस राहिले आणि दिसलं ते त्यांनी लिहिलं. हात चांगला आहे त्यांचा, ते मान्य. सांगणं थोडक्यात असं: कोस्टल रोडच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर डोळे दिपले, गरिबी कुठं दिसली नाही. परळ-लालबागला गिरण्यांच्या चिमण्या होत्या, तिथं काचेचे मनोरे आलेत. भाजीवाल्याच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड आहे. संपानं गिरण्या बुडवल्या, पण शहरानं त्या राखेतून सोनं काढलं. मराठी माणूस मात्र धंद्याला घाबरून मागं राहिला, त्याची गावं ओस पडली. आणि शेवटी ते वाक्य, जे लोक ठळक करून पुढं ढकलतायत: मुंबईनं ही संपत्ती स्वतःच्या जिवावर उभी केली, सातारा-सांगलीची गावं अजून तिच्या मनिऑर्डरवर जगतात.

मी कराडात लोकांचे हिशेब लिहितो. पश्चिमेकडून पाटणची माणसं येतात, पूर्वेकडून विटा-खानापूरची. त्यामुळं पैसा कुठून आला आणि कुणाच्या नावे पडला, एवढं बघायची सवय लागली आहे. या लेखात जमेची बाजू झकास लिहिली आहे. नावेची, म्हणजे कुणाकडून काय घेतलं त्याची, पानंच फाडलेली दिसतात.

आधी ते दिपलेले डोळे. कोस्टल रोडवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर गरिबाचं वाहनच चढू शकत नाही, त्या रस्त्यावरून शहर बघायचं आणि गरिबी दिसली नाही म्हणायचं. त्यातून रस्त्याच्या एका अंगाला समुद्र. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती आणि त्यातली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती. हे पाहुण्यांना चार दिवसांत भेटले नाहीत, कारण गाडी त्या बाजूनं गेलीच नाही. माझा मावसभाऊ लोअर परळच्या एका मनोऱ्यात रात्रपाळीचा वॉचमन आहे. तो म्हणतो, ‘दाजी, रात्री दहाला खालून वर बघा. कितीतरी मजल्यांवर दिवाच लागत नाही. घर घेतलंय, माणूस नाही.’ बाहेरून दिसणारी काच आणि आतली वस्ती यांचा मेळ लागत नाही, एवढंच.

क्यूआर कोडचं तर बोलूच नये. तो पैसे घ्यायचा मार्ग आहे, पैसे असल्याचा दाखला नव्हे. आमच्या मंडईत कोथिंबिरीची पेंडी विकणाऱ्या आजीकडंही तो आहे, नातवानं चिकटवून दिलेला.

आता संप. हा मुद्दा मला लागतो, कारण दादा, म्हणजे माझे वडील, त्या संपात होते. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मागणी निव्वळ पगार-बोनसची नव्हती. १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्यानं गिरणी कामगारांच्या वतीनं बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि ती संघटना कामगारांना आपली वाटत नव्हती. तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. विरत गेला. दादा ८३ साली ट्रंक घेऊन परत आले आणि पुढं विट्याला यंत्रमागावर लागले. मुंबईत चार माग सांभाळायचे, इथं आठ. पगार निम्म्याहून कमी. कापड काही थांबलं नव्हतं. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, विटा असं सरकत होतं, आणि ते सरकणं संपाच्या आधीपासून चालू होतं. संपानं काहीच नुकसान केलं नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातली दोन वर्षं त्यात गेली, आईच्या गळ्यातली बोरमाळ त्यात गेली.

पण संपानंतरही बऱ्याच गिरण्या धुगधुगत होत्या. मनोरे उभे राहिले ते जमिनीच्या नियमांतून. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? शेड, गोदाम, खातं, याच्याखालीच सगळी जमीन. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ला बदललेला नियम कायम राहिला. सगळ्या गिरण्यांची मिळून ६०० एकरांच्या आसपास जमीन, तीही शहराच्या पोटात. लेखक ज्याला राखेतून काढलेलं सोनं म्हणतात, त्यातलं बरंचसं ‘मोकळी’ या एका शब्दाच्या व्याख्येतून निघालं आहे. कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ला निघाली. अर्ज लाखाच्या वर, घरं काही हजार. दादांच्या अर्जाची पावती माझ्या कपाटात आहे. दादा गेले, वारस म्हणून आता माझं नाव लागलंय. नंबर लागला नाही.

मनिऑर्डर यायची, हे खरं. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन दिसला की आई पदराला हात पुसत बाहेर यायची. पण गिरणीचा पगार एकट्या गड्याला पुरेल एवढाच असायचा. सातारा-कोल्हापूरकडचे लोक गावाच्या गाळ्यात राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणं झोपायचे. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडायची. जेवण खानावळीत, बऱ्याचदा उधारीवर. त्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते उगाच नाही. कामगाराची बायको, पोरं, म्हातारे आई-बाप, त्याचं स्वतःचं आजारपण आणि म्हातारपण हे सगळं गावच्या दोन एकरांत भागायचं. दमा घेऊन माणूस परत यायचा तो गावालाच. मालकाला तयार गडी मिळायचा, वाढवलेला गावानं, आणि झिजला की सांभाळायचाही गावानंच. मनिऑर्डरचा फॉर्म दिसतो, कारण त्याला पावती असते. याला पावती नव्हती.

याहून मोठी रक्कम पाण्याची आहे. लेखात झगमगणाऱ्या दिव्यांवर दोन परिच्छेद आहेत. वीज आली कुठून, यावर एक ओळ नाही. मुंबईची सगळी वीज कोयनेची, असा दावा मी करणार नाही. टाटांची स्वतःची वीज आहे, आणि तिच्यासाठीही मावळ-मुळशीची गावं बुडालीच. पण कोयनेच्या विजेशी मुंबईच्या कारखान्यांचं नातं किती घट्ट होतं, ते ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे समजलं. भूकंप झाला कोयनानगरला, माणसं मेली इथं, दीडशेच्या वर. आणि मुंबईतले कारखाने अंधारात बसले. कोयनेचे सगळे टप्पे धरले तर क्षमता १९६० मेगावॅट. धरण साधारण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. ते बोगद्यातून पोफळीला उतरतं, जनित्रं फिरवतं, पुढं कोळकेवाडीला पुन्हा एकदा राबतं, आणि मग वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्रात. आमच्या खोऱ्यात पडलेला पाऊस आमच्या शिवारात न शिरता डोंगर ओलांडून समुद्राला मिळतो.

उरलेलं पाणी इकडं कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटतं. तिथून थोड्या अंतरावर टेंभू. टेंभू योजनेचे पंप कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळावर नेतात. त्या पाण्यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या मागं बाया-माणसांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या. आता गंमत बघा. पश्चिमेला पाणी उतारानं जातं आणि वीज देतं. पूर्वेला तेच पाणी चढावर न्यायला वीज लागते, आणि तिचं बिल येतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पंप थकबाकीपायी बंद पडल्याच्या बातम्या सांगलीकरांना पाठ आहेत. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे बघून हसावं की काय करावं, कळत नाही.

माझं आजोळ जावळी खोऱ्यात, बामणोलीच्या अंगाला. ‘होतं’ म्हणायला हवं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात शंभराच्या आसपास गावांवर पाणी आलं, त्यातलं एक. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात झाला १९७६ साली, म्हणजे धरण भरल्यावर दहा-बारा वर्षांनी. मामाला जमीन मिळाली सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर. दारात बारमाही नदी असलेला माणूस टँकरची वाट बघायला बसला. त्याच्या नावे पडलेली ही रक्कम कुठल्या प्रवासवर्णनात येणार?

आणि तिथंच ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ या मुद्द्याचं उत्तरही आहे. मामाचा पोरगा, आमचा बाळू, दहावीनंतर शेजारच्या गलाईवाल्याबरोबर घराबाहेर पडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात. केरळात, तमिळनाडूत, दिल्लीत, कोलकात्यात, पार नेपाळपर्यंत. सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात जिना चढून जा, भट्टीपुढं विट्याकडचं मराठी ऐकू येईल. सोनार जुना दागिना आणून देतो. त्यात चांदी मिसळून मुशीत वितळवायचं, मग नायट्रिकमध्ये टाकायचं. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाला तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन पुन्हा वितळवली की शुद्ध सोनं. विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. दुकानातला केर, सोनारानं हात धुतलेलं पाणी, झिजलेली पायपुसणी हे सगळं जाळून-धुऊन त्यातला कण न् कण काढतात. राखेतून सोनं काढणं हा लेखकाला अलंकार वाटला. बाळूचं ते रोजचं काम आहे. पिवळट धूर छातीत जातो, खोकला कायमचा. पण आज दक्षिणेतल्या एका शहरात त्याची दोन दुकानं आहेत, मल्याळम फाडफाड बोलतो, आणि त्याचं विवरणपत्र मी भरतो. धंद्याला घाबरणं म्हणजे नक्की काय?

माथाडींचंही तेच. मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या बाजारात पोती उचलणारी पाठ पाटण-जावळीची. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणलं आणि १९६९ला माथाडी कायदा झाला. ज्याच्या मालकाचा पत्ता रोज बदलतो, अशा हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळवून देणं ही साधी गोष्ट नाही. शहर बदललं म्हणताना हे बदल मोजायचे की फक्त उंची मोजायची?

गावं ओस पडली म्हणतात, तर यात्रेत या. पार्किंगला जागा मिळाली तर सांगा.

एका ठिकाणी मात्र लेखकाशी माझं भांडण नाही. रात्री साडेअकराच्या लोकलमध्ये एकटी बसून पुस्तक वाचणारी मुलगी त्यांनी टिपली आहे. ते शहराचं खरं धन आहे, आणि ते आमच्या गावात नाही. माझी मुलगी ठाण्याला नोकरी करते. दिवाळीला आली की चौथ्या दिवशी परत जायच्या गोष्टी करते, आणि का ते मला समजतं.

हे उत्तर लिहायचं मी टाळत होतो. पण गेल्या मंगळवारी मुंबईचे एक गृहस्थ ऑफिसात आले. बामणोलीच्या वरच्या अंगाला जमीन बघितली होती, शेतकरी दाखल्याचं कसं करता येईल विचारत होते. मी म्हटलं, शेतकरी असाल तर दाखला निघतो, नसाल तर मी काही करू शकत नाही. बोलता बोलता त्यांनी मोबाईल पुढं केला. हाच लेख. ‘वाचाच, काय लिहिलंय!’ मग प्लॉटचे फोटो दाखवले. खाली शिवसागर पसरलेला. त्यांनी विचारलं, ‘पाणी बाराही महिने दिसतं ना तिथून?’

मी म्हटलं, ‘उन्हाळ्यात खाली जातं. जुन्या गावांची जोती उघडी पडतात, कुठं देऊळही दिसतं.’

ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘मग व्ह्यू खराब होत असेल.’