मधुचंद्राचा बेत आखणाऱ्यांनी माथेरानचा विचार अवश्य करावा

लग्नघरात हॉल, केटरिंग, आहेर आणि मानपान यांवर महिनोन्‌महिने खल चालतो. मधुचंद्राचा निर्णय मात्र एखाद्या तयार पॅकेजवर बोट ठेवून दहा मिनिटांत उरकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. जागरणे, सत्यनारायण, गोंधळ आणि देवदर्शन आटोपून आधीच थकलेली दोन माणसे पहाटेच्या विमानाने निघतात, रोज सामान बांधतात, रोज नव्या हॉटेलात उतरतात आणि पाहिलेल्या ठिकाणांचे फोटो घेऊन परत येतात. आपल्याकडे आजही कितीतरी लग्ने कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून जमतात आणि साखरपुड्यानंतरचे बोलणेही बरेचसे फोनवरच होते. अशा दोघांना प्रेक्षणीय स्थळांपेक्षा एकमेकांसोबतचा निवांत वेळ अधिक हवा असतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच यंदा लग्न ठरलेल्या माझ्या भाचीला मी माथेरान सुचवले.

‘इतक्या जवळ?’ ही तिच्या घरची पहिली प्रतिक्रिया होती. पण जवळ असणे हाच तर मोठा लाभ आहे, कारण प्रवासात जाणारे दोन दिवस वाचतात. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. गावात खासगी मोटारींना बंदी असल्याने सगळ्या गाड्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. आता काही ई-रिक्षा धावतात, परंतु हॉर्नचा गोंगाट आणि पार्किंगची भांडणे तेथे नाहीत. लोणावळा किंवा महाबळेश्वरला शनिवार-रविवारी वाहनांच्या रांगेत बसून ज्यांनी निम्मा दिवस घालवला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून गेले आणि त्यानंतर येथे थंड हवेचे ठिकाण वसले. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्यामुळे येथील झाडी आजही बरीचशी टिकून आहे.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. मुंबईकरांनी कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरावे. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल पकडावी. १९०७ साली सुरू झालेली छोटी आगगाडी नेरळहून वर जाते. तिला अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो आणि वाटेत ‘वन किस टनेल’ नावाने ओळखला जाणारा बोगदा येतो. गाडीच्या फेऱ्या मोजक्या आणि डबे लहान असल्याने तिकीट मिळेलच असे धरून चालू नये. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जाऊन जवळच्या अमन लॉज स्थानकातून गावापर्यंतची शटल गाडी घेणे हा खात्रीचा पर्याय आहे. पावसाळ्यात छोट्या गाडीचा नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो.

तरीही माझा आग्रह पायी चालण्याचा आहे. सामान हमालाकडे द्यावे आणि दोघांनी तांबड्या मातीच्या वाटेने सावकाश गावात शिरावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने येथील माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तो मला अत्यंत योग्य वाटतो. धडधाकट तरुण जोडप्याने दुसऱ्याच्या श्रमावर बसून फिरावे, हे मला कधीच रुचले नव्हते. चालताना बोलणे आपोआप होते. समोरासमोर खुर्चीत बसून जे विचारायला संकोच वाटतो, ते वाटेवर सहज विचारले जाते. मध्येच एखादा शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेतो, मागून घोड्याच्या टापा ऐकू येतात म्हणून दोघे बाजूला होतात, आणि नव्या साडीच्या काठावर चढलेली लाल धूळ झटकायला दोघेही एकदमच वाकतात. उंच टाचांच्या चपला आणि चाकांच्या जड बॅगा मात्र घरीच ठेवाव्यात. त्या मातीत दोन्ही निरुपयोगी ठरतात.

सगळे पॉइंट पाहण्याचा हट्ट धरू नये. सूर्योदयासाठी पॅनोरमा, सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन आणि एखादी संध्याकाळ शार्लोट तलावाकाठी, एवढे पुष्कळ झाले. तलावाजवळच पिसरनाथाचे मंदिर असल्याने देवदर्शनाचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांचेही समाधान होते.

मुक्काम सोमवार ते गुरुवार या दिवसांत ठेवावा, आणि नाताळ व दिवाळीच्या सुट्ट्या कटाक्षाने टाळाव्यात. त्या गर्दीत शांतता मिळत नाही. हॉटेल बाजारपेठेपासून थोडे दूर, शक्यतो व्हरांडा असलेल्या जुन्या बंगल्यातले निवडावे. जेवण दरात धरले आहे का आणि चेक-आउट किती वाजता आहे, हे आधी विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी खोली भल्या सकाळी रिकामी करावी लागते. ही चौकशी एकट्या नवऱ्यामुलाने न करता दोघांनी मिळून करावी. आपल्या मुलीच्या पहिल्या प्रवासाचे सारे निर्णय तिला विचारल्याशिवाय व्हावेत, हे मला मान्य नाही.

दोन्हीकडच्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. मुले पोहोचली की त्यांचा एक फोन येऊ द्या आणि नंतर ती परत येईपर्यंत व्हिडिओ कॉल करू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो मागू नका.